पुढची चाल कोणाची?

टेबलाभोवती बसून डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या पाच जणांसमोर कुलूप लावलेलं दार आलं, तर प्रश्न फार तर तीन मिनिटांत निकालात निघतो. एक जण दाराला कान लावतो, दुसरी कुलपाशी खटपट करते, तिसऱ्याचा धीर सुटतो आणि तो कुऱ्हाड चालवतो. हाच खेळ त्याच पाच जणांनी लिहून खेळायला घेतला, की त्याच दारापाशी दहा दिवस जातात. सोमवारी सूत्रधार लिहितो, समोर दार आहे. मंगळवारी एक जण विचारतो, पलीकडून काही आवाज येतोय का? बुधवारी सूत्रधार सांगतो, फासा टाक. गुरुवारी फासा पडतो. शुक्रवारी उत्तर येतं, काहीच ऐकू येत नाही. शनिवार-रविवार कोणी फिरकत नाही. सोमवारी कोणीतरी लिहितं, "मग, काय करायचं?" आणि पाचही जण इतरांच्या उत्तराची वाट पाहू लागतात. बहुतेक खेळ अशाच एखाद्या दारापाशी संपतात. संपले असं कोणी जाहीर करत नाही. शेवटच्या ओळीखालची तारीख तेवढी जुनी होत जाते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण सूत्रधार होतो. गावं, जंगलं, राक्षस, दुकानदार, पाऊस, असं त्या जगात उरलेलं सगळं त्याच्या तोंडून येतं. एखादी गोष्ट जमेल की नाही याची खात्री नसली, की फासा टाकायचा, बहुतेक वेळा वीस बाजूंचा. नकाशे, सोंगट्या असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही. मुख्य खेळ बोलण्याचा. म्हणूनच बोलण्याच्या जागी लिहिणं आणलं तरी तो चालतो, आणि इंटरनेट आल्यावर लोकांनी तेच केलं. ईमेलवर खेळले, फोरमवर खेळले, २०१५ मध्ये डिस्कॉर्ड आल्यावर तिथल्या चॅनलांवर खेळू लागले. आपल्या सवडीने यायचं, आधीचं वाचायचं, आपल्या पात्राने काय केलं त्याचा एक परिच्छेद लिहायचा आणि कामाला लागायचं. पुण्यातली खेळाडू आणि न्यू जर्सीतला सूत्रधार यांच्या घड्याळांत साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर असतं. एकाच वेळी बसून खेळणं त्यांना कठीण, लिहून खेळणं सहज जमतं. शिवाय लिहायची हौस असणाऱ्यांना पात्राच्या मनात शिरायला इथे जी ऐसपैस जागा मिळते, ती टेबलावर मिळत नाही.

खेळ बंद पडला की दोष ठरलेला असतो: लोकांचा उत्साह टिकत नाही. मला हे पटत नाही. लिहून खेळणाऱ्या गटांत सहसा दोन जागा असतात. एक पात्रांच्या बोलण्याची आणि दुसरी खेळाडूंच्या गप्पांची. तिला ओओसी म्हणतात. पहिल्या जागी तीन आठवडे शुकशुकाट असताना दुसऱ्या जागी मीम, सिनेमे, ऑफिसची गाऱ्हाणी असा राबता चालूच असतो, हे अशा गटात वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. माणसं तिथेच आहेत, खेळायची इच्छाही आहे. आत्ता लिहायचं कोणी, हे मात्र कोणालाच माहीत नाही. म्हणून खेळ चालता ठेवण्याचा विचार उत्साह वाढवण्यापासून सुरू करू नये. एक पाऊल पुढे पडायला किती जणांची वाट पाहावी लागते, हे आधी मोजावं आणि तो आकडा कमी करत न्यावा.

याचा अभ्यास इंटरनेटच्या कितीतरी आधी टपालाने खेळणाऱ्यांनी करून ठेवला आहे. पत्रांतून बुद्धिबळ खेळण्याची परंपरा जुनी. बुद्धिबळात चाली आळीपाळीने होतात, त्यामुळे टपालाच्या वेगाने एकेक डाव वर्षानुवर्षं रेंगाळायचा. पत्रबुद्धिबळवाल्यांनी त्यावर दोन तोडगे काढले. पहिला वेळेचा साठा: आजही त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या संगणकीय स्पर्धांत दहा चालींना पन्नास दिवस अशी मुदत सर्रास असते. एखादी चाल वीस दिवस खाऊ शकते, पण मग उरलेल्या नऊ चाली तीस दिवसांत बसवाव्या लागतात. दुसरा तोडगा सशर्त चालीचा. "मी अमुक खेळतो, तू त्यावर घोडा मारलास तर मी हत्तीने परत मारणार" असं एकाच पत्रात लिहून टाकायचं. एक पत्र कमी, म्हणजे काही दिवस वाचले.

'डिप्लोमसी' या खेळाची गोष्ट याहून बोधक आहे. ॲलन कॅलहॅमर याने तयार केलेला हा खेळ १९५९ मध्ये बाजारात आला. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता, सात खेळाडू, आणि मुख्य काम परस्परांशी वाटाघाटी करून वेळ आली की दगा देण्याचं. १९६३ मध्ये जॉन बोर्डमन याने 'ग्राउस्टार्क' नावाच्या घरगुती पत्रिकेतून तो टपालाने खेळवायला सुरुवात केली आणि बघता बघता टपाली डिप्लोमसीचं एक जगच उभं राहिलं. सात माणसं, वेगवेगळी गावं, टपाल खातं. सगळी लक्षणं खेळ बंद पडण्याची. तरी तो चालला, कारण यात पाळी नावाची गोष्टच नाही. सातही जण आपापले हुकूम गुपचूप लिहून ठरलेल्या तारखेपर्यंत पाठवतात आणि ते एकदम उघडले जातात. एखाद्याचं पत्र आलं नाही, तर त्याच्या नावापुढे 'एनएमआर', म्हणजे चाल मिळाली नाही, असा शेरा पडायचा आणि त्याचं सैन्य होतं तिथेच उभं राहायचं. बाकीचा युरोप पुढे सरकायचा. कोणी वारंवार गळू लागलं, तर राखीव यादीतला खेळाडू त्याच्या जागी उभा केला जायचा. रागवारागवी नाही, विनवण्या नाहीत. पुढे १९७० मध्ये रिक लूमिस याने टपाली खेळ हा धंदाच केला, त्याची कंपनी 'फ्लाइंग बफेलो', आणि चाली सोडवायला संगणक लावला.

आता डन्जन्स अँड ड्रॅगन्सची लढाई बघा. तिचे नियम बुद्धिबळाच्या घराण्यातले आहेत. लढाई सुरू झाली की प्रत्येक जण फासा टाकतो, त्यावरून क्रम लागतो आणि त्याच क्रमाने एकेकाने वार करायचा. टेबलावर यात मजा येते. लिहून खेळताना हाच क्रम गळफास होतो. पाच खेळाडू आणि सूत्रधार, प्रत्येकाने रोज एकदा लिहिलं असं धरलं, तर एका फेरीला सहा दिवस आणि पाच फेऱ्यांच्या साध्या चकमकीला महिना. हा झाला सुदैवी हिशेब. खेळाडू दहातल्या नऊ वेळा वेळेवर लिहितात असं मानू, म्हणजे चांगलेच शिस्तीचे झाले. तरी एका फेरीत पाचही जण वेळेवर येण्याची शक्यता ५९ टक्केच. पाच फेऱ्या एकदाही न अडखळता पार पडण्याची शक्यता जेमतेम ७ टक्के. माणसं आळशी आहेत असं म्हणायची गरजच पडत नाही. साखळी लांब असली की एखादी कडी निसटणारच. कोणाच्या तरी भावाचं लग्न निघतं, त्याचे चार दिवस संपूर्ण लढाईच्या हिशेबात जमा होतात.

उपाय डिप्लोमसीवाल्यांचाच. खेळाडूंची एक बाजू, शत्रूंची दुसरी. सूत्रधार सांगतो, गुरुवारी रात्री नऊपर्यंत सगळ्यांनी आपापला वार लिहा, क्रम कसाही चालेल. शुक्रवारी तो सगळं एकत्र करून निकाल लिहितो आणि शत्रूंचा प्रतिहल्लाही त्यातच उरकतो. ज्याने लिहिलं नाही त्याचं पात्र ढाल पुढे करून स्वतःला वाचवतं, किंवा सूत्रधार त्याच्या वतीने साधा वार करतो. फेरीला तीन दिवस, लढाईला पंधरा. वेळ निम्म्यावर आला हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं हे की लग्नाला गेलेला माणूस आता कोणालाच अडवत नाही. आणि ही काही नियमांशी प्रतारणाही नाही. २०१४च्या आवृत्तीतल्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात बाजूवार क्रमाचा पर्याय छापलेलाच आहे. मुदत सांगताना घड्याळ कुठलं, हे मात्र स्पष्ट हवं. डिस्कॉर्डवर वेळ अशी टाकता येते की प्रत्येकाला ती आपल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे दिसते. परदेशातले खेळाडू असतील तर ती सोय न वापरणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

लढाईबाहेर वेळ खातात त्या छोट्या छोट्या येरझाऱ्या. सुरुवातीच्या उदाहरणात "फासा टाक" या दोन शब्दांनी दोन दिवस गिळले. टेबलावर या दोन शब्दांची किंमत पाच सेकंद असते, म्हणून टेबलावरून आलेला सूत्रधार ते सवयीने लिहून जातो. लेखी खेळात फासा आधी टाकून ठेवावा. खेळाडूने "मी दाराला कान लावतो" एवढंच न लिहिता त्याच पोस्टमध्ये फाशाचा आकडाही द्यावा. डिस्कॉर्डवर 'अव्रे'सारखे बॉट हे काम चोख करतात आणि लबाडीला वाव राहत नाही. सूत्रधारानेही सगळ्यांच्या पात्रांचे महत्त्वाचे आकडे जवळ ठेवावेत. कोणाची नजर किती तीक्ष्ण, हे त्या खेळात न फेकताही काढता येतं: दहा अधिक त्या कौशल्याची भर. मग "कोणाला काही दिसलं का ते बघा" असं विचारायचं कारणच उरत नाही. ज्याला दिसायचं त्याला दिसलं असं थेट लिहावं. आणि पत्रबुद्धिबळातली सशर्त चाल इथेही उसनी घ्यावी: "पलीकडे आवाज नसेल तर मी कुलूप उघडतो, उघडलं नाही तर बाजूला होतो आणि ब्रामला कुऱ्हाड चालवू देतो." दहा दिवसांचं काम एका वाक्यात आलं.

एक वेगळी शाखा आहे, तिचाही अनुभव इथे कामाला येतो. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ याने 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. अनेक माणसं एकाच वेळी संगणकावर येऊन एका शब्दमय जगात वावरायची. "उत्तरेला जा" असं टंकलं की क्षणात पुढच्या खोलीचं वर्णन पडद्यावर. जग चालवायला संगणक असल्याने सूत्रधाराची वाट पाहणं नाही. १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात 'टायनीमड' आलं आणि त्यातून पुढे 'मश' नावाचा प्रकार फुटला. तिथे राक्षस मारण्यापेक्षा पात्रांची नाटकं रंगवणारे लोक जमले. एकेक जण आपल्या पात्राची कृती लिहायचा, तिला ते 'पोज' म्हणत. सात-आठ जण एका प्रसंगात असले आणि पाळीने लिहू लागले, की एक जण चहा करायला उठला तरी सगळे खोळंबायचे. त्यावर तिथे एक रीत पडली, तीन पोजची. तुम्ही लिहिलंत की आणखी तीन जणांचं लिहून होईपर्यंत थांबा, मग पुन्हा लिहायला मोकळे. कोण राहिलं याची वाट नाही, आणि एकच वाचाळ माणूस सगळा प्रसंग खाऊन टाकतो असंही होत नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. तो कोणालाही लिहायची सक्ती करत नाही, फक्त गप्प बसणाऱ्याकडून इतरांना अडवण्याचा अधिकार काढून घेतो. चार-पाच जणांच्या लेखी खेळात तीनच्या जागी दोन करावेत.

आता त्या "मग, काय करायचं?" या प्रश्नाकडे वळू. दिसायला तो निरुपद्रवी आहे, पण खेळ थांबतो तो त्यामुळेच. का, ते एका जुन्या प्रयोगातून कळतं. जॉन डार्ली आणि बिब लटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवरून एकमेकांशी बोलत होते आणि मध्येच पलीकडच्याला फेफरं आल्यासारखा आवाज आला. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के तो आवाज चालू असतानाच मदतीसाठी उठले. आपल्याखेरीज आणखी चौघं ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ३१ टक्के. फेफऱ्याची आणि खेळाची तुलना करणं जरा जास्तच होईल, पण खोलीत एकटं बसून, इतर दिसत नसताना, सगळ्यांना उद्देशून आलेली हाक ऐकणं ही परिस्थिती मात्र तीच आहे. "तुम्ही काय करता?" असं पाच जणांना विचारलं की प्रत्येकाच्या वाट्याला पाचवा हिस्सा जबाबदारी येते, आणि तेवढ्यासाठी कोणी लॅपटॉप उघडत नाही. म्हणून जाणता सूत्रधार पोस्टचा शेवट एकाच पात्रावर करतो. समजा ते पात्र इल्सा, तर पहारेकऱ्याने तिच्याच डोळ्यांवर कंदील धरलेला असतो आणि तिलाच तो नाव विचारत असतो. खाली एक ओळ असते: परवा रात्री नऊपर्यंत उत्तर आलं नाही, तर पहारेकरी शिट्टी वाजवणार. ही धमकी वाटली तरी खेळाडूंना ती आवडते, कारण काहीच न करण्यातूनही आता काहीतरी घडतं. अट एकच: नऊ वाजले की शिट्टी खरोखर वाजली पाहिजे.

खेळाडूच्या लिखाणातही असाच फरक करता येतो. समजा रात्रीची वेळ आहे, गोदीतल्या एका गोदामाबाहेर ही मंडळी दबा धरून बसलीत आणि वरच्या खिडकीत दिवा दिसतोय. एक जण लिहितो: "ब्राम भिंतीला टेकून उभा राहतो. त्याला हे सगळं आवडलेलं नाही. तो दाढीवरून हात फिरवतो आणि गप्प बसतो." वाक्यं ठीक आहेत, पात्र डोळ्यांसमोर येतं. पण पुढे लिहिणाऱ्याच्या हाती काय लागलं? आता हे बघा: "ब्रामला हे आवडलेलं नाही. 'मी मागच्या जिन्याने वर जातो,' तो इल्साला म्हणतो. 'तू शंभर आकडे मोज. तोवर आलो नाही, तर पुढचं दार बडव आणि जमेल तेवढा गोंधळ घाल.' ती काय म्हणते ते ऐकायला न थांबता तो अंधारात शिरतो." सूत्रधाराला जिना मिळाला, इल्साला काम मिळालं, सगळ्यांना मुदत मिळाली, आणि ब्रामची नाराजीही कायम आहे. लांबी जवळपास तेवढीच.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावतारात हे कसब रोज रात्री वापरात असतं. तिथे संवाद लिहून पाठ केलेले नसतात. आख्यान कुठलं, प्रसंग कुठले, एवढं ठरवून नट रंगमंचावर उतरतात आणि बोलणं तिथेच सुचत जातं. राजाने आपल्या भाषणाच्या शेवटी समोरच्याला पकडायला काही दिलं नाही, तर समोरचा उघडा पडतो, म्हणून मुरलेला नट आव्हान देऊन, प्रश्न टाकून किंवा आरोप करूनच थांबतो. तरी एखाद्याची जीभ अडली तर पेटी, पखवाज आणि झांज ती पोकळी भरून काढतात. लेखी खेळात पखवाज नाही, त्यामुळे वाक्याच्या टोकाला काहीतरी ठेवणं तिथे अधिकच गरजेचं.

अर्थात देता देता हिसकावून घेणारेही असतात. "इल्सा घाबरते आणि माझ्यामागे लपते" असं दुसऱ्याच्या पात्राबद्दल परस्पर लिहून टाकणं या मंडळींत मोठा अपराध समजला जातो. गॉडमॉडिंग म्हणतात त्याला. सीमारेषा सोपी आहे. दुसऱ्याच्या पात्राची परिस्थिती बदलावी, त्याचा निर्णय घेऊ नये. इल्साच्या हातात पेटलेली मशाल द्या. तिने तिचं काय करावं, हे तिच्या खेळाडूला लिहू द्या.

दुसरा धोका उलट्या बाजूचा: फार चांगलं लिहिणारा माणूस. तो आठशे शब्दांची देखणी पोस्ट टाकतो, सगळे बदाम टाकतात, आणि मग चार दिवस कोणी लिहीत नाही. आपल्या दोन ओळी त्याखाली गरीब दिसतील, निवांत बसून काहीतरी चांगलं लिहू, असं प्रत्येकाला वाटतं. तो निवांतपणा काही येत नाही. लेखी खेळाला शे-दीडशे शब्दांची, बसमध्ये उभं राहून फोनवर टंकता येईल अशी पोस्ट मानवते. सूत्रधाराने स्वतः अधूनमधून मुद्दाम तीन ओळींचीच पोस्ट टाकून ती लांबी प्रतिष्ठित करावी.

गूढकथा खेळणारे गट आणखी एका जागी अडकतात. पुढचा माग लागायला ड्रॉवरमधली चिठ्ठी सापडायला हवी, फासा वाईट पडतो, चिठ्ठी सापडत नाही. टेबलावर सूत्रधार पाच मिनिटांत काहीतरी सारवासारव करतो. लेखी खेळात खेळाडू तीन आठवडे चुकीच्या घरांची दारं ठोठावत बसतात. रॉबिन लॉज याने 'गमशू' ही नियमपद्धती याच दुखण्यावर बेतली. २००८चा 'ट्रेल ऑफ कथुलू' तिच्यावरच उभा आहे. तपासाचं योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी शोधू लागलं, की मुख्य धागा मिळणारच, फासा नाही. चिठ्ठीचा अर्थ काय आणि त्यावर करायचं काय, यात खरी गंमत आहे असं त्याचं म्हणणं, आणि ते मला मान्य आहे. २०१० मध्ये व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'ने फाशाचाच अर्थ बदलला. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि पात्राच्या गुणाचा आकडा त्यांत मिळवायचा. बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम फत्ते, सात ते नऊ आली तर काम झालं पण किंमत मोजून, आणि सहा किंवा कमी आली तर सूत्रधार काहीतरी नवं संकट उभं करतो. "काहीच झालं नाही" हा निकाल तिथे जवळजवळ उरतच नाही. लेखी खेळासाठी नवी नियमपद्धती निवडत असाल तर या घराण्यातली निवडा. जुन्याच खेळावर प्रेम असेल, तर निदान फासा हरला की जग एक पाऊल पुढे सरकेल एवढी सवय तिथून घ्या.

टेबलावरचा एक संकेत मात्र इथे बिनदिक्कत मोडावा. तिथे टोळी फोडू नये म्हणतात, कारण दोघं बाजारात गेले की उरलेले तिघं जांभया देत बसतात. लिहून खेळताना बाजाराचा एक धागा आणि गोदामाचा दुसरा, असे दोन प्रसंग शेजारी शेजारी चालू शकतात. प्रत्येक धाग्यात दोन-तीनच माणसं, म्हणजे साखळी आपोआप आखूड. एक धागा थंडावला तर दुसरा चालू असतो आणि त्याच्या हालचालीने पहिल्यालाही जाग येते. दोन जागांची घड्याळं जुळवायची कटकट सूत्रधाराला होते, पण ती परवडते.

सूत्रधाराची अडचण निघालीच आहे, तर ती नीट बोलू. एखादा खेळाडू गळला तर खेळ लंगडतो. सूत्रधार गळला तर संपतो. पाच जणांनी शंभर-शंभर शब्द लिहिले की त्याने ते पाचशे वाचायचे, नियम लावायचे, सगळ्यांना न्याय देत तीनशे लिहायचे, आणि हे आठवड्यातून दोनदा, महिनोन्‌महिने. तो दमतो, दोन दिवस उशीर होतो, उशिराची लाज वाटते, म्हणून काहीतरी दणदणीत लिहून भरपाई करू असं तो ठरवतो आणि त्यामुळे आणखी आठवडा जातो. यावर जगाचे काही तुकडे खेळाडूंच्या ताब्यात देण्याइतका कामाचा इलाज दुसरा नाही. खानावळीचा मालक कोणीही बोलवावा. वाटेतल्या गावाचं नाव, तिथली जत्रा, तिथली भांडणं एखाद्या खेळाडूने रचावीत. सूत्रधार रजेवर असताना पात्रांनी शेकोटीभोवती बसून एकमेकांच्या जुन्या कहाण्या काढाव्यात. त्याला सूत्रधार लागतच नाही. मोठ्या गटात उपसूत्रधार नेमून त्याला कथेचं पुढचं वळण आधीच सांगून ठेवावं.

माणसं घेतानाही गळती धरूनच घ्यावीत. चार जणांचा खेळ हवा असेल तर सहा घ्या. गप्प झालेल्या पात्राचं काय होणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा: आठवड्यानंतर ते सूत्रधाराच्या ताब्यात, तीन आठवड्यांनंतर एखाद्या पटण्याजोग्या कारणाने कथेबाहेर, परतीचं दार उघडं. त्याला चिडून राक्षसाच्या तोंडी देऊ नये. परत येऊ पाहणाऱ्या माणसाला आपलं पात्र मेलेलं आढळलं, तर तो येत नाही. आणि कथा छोटी आखा. तीन दिवसांनी एक या वेगाने सूत्रधाराच्या तीन महिन्यांत तीस पोस्ट होतात. तीस पोस्टमध्ये एक चोरी, एक खून किंवा एक सुटका बसते. पहिल्या पातळीपासून ड्रॅगनपर्यंतची महागाथा बसत नाही. ज्यांना महागाथा हवी त्यांनी ती तीन-तीन महिन्यांच्या तुकड्यांत खेळावी आणि प्रत्येक तुकड्यानंतर ज्याला थांबायचं त्याला मानाने थांबू द्यावं.

आणि बंद पडलेला खेळ पुन्हा सुरू करायचा असेल तर? "कोणी आहे का इथे? सॉरी, गडबडीत होतो" या पोस्टला दोन अंगठे मिळतात आणि पुन्हा सामसूम होते, कारण त्यावर पात्राने लिहावं असं काहीच नसतं. आधी प्रत्येकाला खासगीत एकेक प्रश्न पाठवावा, ज्याचं उत्तर एका शब्दात देता येईल: इल्सा पकडली गेली की निसटली? ब्रामने चावी ठेवली की नदीत फेकली? दोघांनी उत्तर दिलं तरी पुरे. मग मागचा प्रसंग पुरा करत बसू नये, त्याचा निकाल दोन वाक्यांत सांगून टाकावा आणि कथेत महिना उलटू द्यावा. शहर बदला, ऋतू बदला, उत्तर देणाऱ्या दोघांच्याच पात्रांना नव्या अडचणीत आणून ठेवा. बाकीची पात्रं जिवंत आहेत, दुसऱ्या कामावर गेली आहेत, त्यांचा निरोप आला आहे, एवढा उल्लेख असू द्या. पहिली मुदत दोनच दिवसांची ठेवा. जुन्या मंडळींतलं तिसरं माणूस आलंच, तर बहुधा ते पहिल्या आठवड्यातच येतं. नाही आलं तर राखीव यादी उघडा.